वाचकांचे प्रश्न : कुबट कपाट आणि मेणबत्तीत पडलेली विहीर

घर प्रसन्न राहावे म्हणून करायचे घरगुती उपाय आणि हाताने बनवता येणाऱ्या साध्या वस्तू यांविषयी आलेल्या पत्रांतून सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांनी ‘काय टाकू’ असे विचारले आहे. आम्ही मात्र काही ठिकाणी ‘काय काढू’ यावरच अधिक लिहिले आहे, त्याबद्दल वाचकांनी रागावू नये.

प्रश्न : झोपण्याच्या खोलीतील लाकडी कपाट उघडले की कुबट वास येतो. लिंबाच्या साली, अत्तराचा बोळा, वाटीभर खाण्याचा सोडा असे सगळे ठेवून पाहिले. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच वास येऊ लागतो. यावर कायमचा उपाय आहे का?

उत्तर : आपण कपाटात जे जे ठेवले त्यांपैकी एकही वस्तू ओल कमी करणारी नाही, आणि कुबट वास हा बहुतेक वेळा ओलीवर वाढणाऱ्या बुरशीचाच असतो. लिंबाच्या साली तर मुळातच ओलसर असतात. बंद कपाटात बुरशी आधी त्यांनाच धरते. सोडा सौम्य अल्कली असल्यामुळे आंबूस वास थोडाफार मारतो, पण हवेतील दमटपणा ओढून घेण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. अत्तराने वासावर वास चढतो, इतकेच.

तेव्हा आधी ओल कुठून येते याचा माग काढावा. कपाट रिकामे करून भिंतीपासून पुढे ओढावे आणि मागच्या भिंतीवर ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून घट्ट बसवावा. दोन दिवसांनी तो पाहावा. फॉइलच्या खोलीकडील बाजूवर दवासारखे थेंब साठलेले दिसले, तर खोलीतील दमट हवेतले पाणी गार भिंतीवर सुटते आहे असे समजावे. फॉइल सोलून काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली, तर ओल भिंतीच्या आतूनच येते आहे, आणि मग गळका नळ किंवा बाहेरून तडा गेलेली भिंत दुरुस्त केल्याखेरीज कपाटात काहीही ठेवले तरी ते वाया जाणार.

पहिला प्रकार असेल तर उपाय आपल्या हातातला आहे. कपाट आणि भिंत यांच्यात चार बोटे अंतर ठेवावे, म्हणजे मागून हवा खेळते. कपाटाचा आतला भाग साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावा, पुसताना नाकातोंडावर मास्क बांधावा आणि नंतर दारे सताड उघडी ठेवून दिवसभर पंखा लावावा. इस्त्रीचे गरम कपडे त्याच हाताने घडी करून आत ठेवण्याची सवय अनेकांना असते. त्या घडीत वाफ अडकलेली असते, म्हणून कपडे निवल्यावरच आत जाऊ द्यावेत. हवेतील आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र मिळाले तर ते कपाटात ठेवून पाहावे. आकडा दिवसेंदिवस ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर बुरशी पुन्हा येईल हे धरून चालावे. अशा वेळी कॅल्शियम क्लोराइडचे खडे असलेले डबे उपयोगी पडतात, कारण ते हवेतले पाणी खरोखरच ओढून घेतात. मात्र डब्यात साठलेले खारट पाणी कपड्यांवर किंवा चामड्यावर सांडू देऊ नये.

कपाट कोरडे झाले की मग पुरचुंडी करावी, आणि ती हौसेने करावी. गुलाबाच्या पाकळ्या किंवा लॅव्हेंडरची फुले सावलीत इतकी वाळवावीत, की बोटांत चुरताना त्यांचा कुरकुर आवाज आला पाहिजे. नुसत्या मऊ पडलेल्या पाकळ्या पिशवीत भरल्या तर आठवड्याभरात आपण पुन्हा कुबट वासाकडेच येतो. त्यात सात-आठ लवंगा जाडसर ठेचून घालाव्यात आणि सगळे मिश्रण जुन्या, विरळ विणीच्या सुती कापडात बांधावे. वास मंदावला की पुरचुंडी मुठीत दाबावी, पुन्हा काही दिवस वास येतो. या वासाने लोकरीची कसर मरते असे मात्र समजू नये. लोकर खाते ती कसरीची अळी, आणि तिला घामाचे व अन्नाचे डाग पडलेली लोकर विशेष आवडते, म्हणून लोकरीचे कपडे धुऊनच ठेवावेत. शंका असलेली शाल प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. अळ्या आणि अंडी दोन्ही मरतात. कापराच्या वड्या ठेवत असाल तर त्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, कारण कापूर पोटात गेला तर लहान मुलांना थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात.

प्रश्न : नळावरचे पांढरे डाग आणि मोरीचा वास या दोन्हींसाठी मी सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून वापरते. फेस भरपूर येतो, पण डाग जात नाहीत. माझे प्रमाण चुकते आहे का?

उत्तर : प्रमाण बरोबर साधले तर उलट काहीच काम होणार नाही. व्हिनेगर हे आम्ल आणि सोडा ही अल्कली. दोघे एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड फेसाच्या रूपाने उडून जातो आणि मागे उरते ते सोडियम ॲसिटेट विरघळलेले साधे पाणी. पाच टक्के आम्लता असलेले १०० मिलिलिटर व्हिनेगर पूर्ण निकामी करायला जेमतेम ७ ग्रॅम सोडा, म्हणजे चहाचा दीड चमचा, पुरतो. फेस पाहून समाधान होते हे खरे, पण आपण दोन चांगल्या वस्तू एका फटक्यात फुकट घालवतो.

दोन्ही वस्तू वेगवेगळ्या कामांना वापराव्यात. नळावरचा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो आम्लातच विरघळतो, म्हणून व्हिनेगरमध्ये बुडवलेले फडके नळाच्या तोंडाभोवती गुंडाळून अर्धा तास ठेवावे आणि नंतर जुन्या टूथब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावे. रात्रभर ठेवण्याचा मोह टाळावा, मुलाम्याला ते सोसत नाही. संगमरवराला व्हिनेगर किंवा लिंबू कधीही लावू नये. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच आहे, आणि त्यावर पडलेला पांढुरका ओरखडा हा डाग नसून दगडच खाल्ला गेलेला असतो, त्यामुळे तो पुसून जात नाही. सोडा ठेवावा तो चिकट ओटा किंवा काळवंडलेला कप घासायला.

मोरीच्या वासाचे म्हणाल तर आधी जाळी उचलून आत अडकलेले केस आणि साबणाचा गाळ हाताने काढा. वापरात नसलेल्या न्हाणीघरातून वास येत असेल तर जाळीखालच्या वाकड्या नळीतले पाणी आटलेले असते. ते पाणी मैलानळीतला वायू अडवण्यासाठीच असते. तांब्याभर पाणी ओतले की काम होते. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी : ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरे कोणतेही आम्ल मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला तर क्लोरामाइन, दोन्ही श्वासाला घातक आहेत.

प्रश्न : काचेच्या पेल्यात मी घरी सुगंधी मेणबत्त्या करतो. पेटवल्यावर वातीभोवती खोल खड्डा पडत जातो, कडेचे मेण तसेच राहते आणि शेवटी ज्योत विझते. वासही फारसा येत नाही.

उत्तर : वातीभोवती विहीर पडणे ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार आहे आणि तिचे कारण बहुतेक वेळा वात पेल्याच्या मानाने बारीक असणे हेच असते. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, ते द्रव मेण वातीतून वर चढते आणि वर त्याची वाफ जळते. वात बारीक असली की ज्योत लहान राहते आणि तिची उष्णता कडेपर्यंत पोहोचत नाही. पुढच्या खेपेस एकाच मापाच्या तीन पेल्यांत तीन जाडीच्या वाती लावून पाहा आणि कोणती मेणबत्ती कशी जळली ते कागदावर लिहून ठेवा. तयार प्रमाणापेक्षा ही वही अधिक उपयोगी पडते, कारण मेण बदलले की वातही बदलावी लागते.

वात बरोबर असूनही पहिल्यांदा पेटवून पंधरा मिनिटांत विझवली तर विहीर पडतेच, कारण पुढच्या वेळी मेण त्याच छोट्या वर्तुळात वितळते. पहिल्या खेपेस मेणाचे तळे पेल्याच्या कडांना भिडेपर्यंत मेणबत्ती जळू द्यावी. साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या पेल्याला सुमारे तीन तास लागतात. दर वेळी पेटवण्यापूर्वी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापावी, म्हणजे काजळी धरत नाही. आता जे पेले बिघडले आहेत त्यांच्या तोंडावर फॉइलची कडी बसवून मध्ये रुपयाएवढे भोक ठेवावे. उष्णता आत कोंडते, कडेचे मेण तासाभरात उतरते आणि विहीर भरून येते. फॉइल अर्थातच तापलेली असते.

वासाबद्दल सांगायचे तर जास्त तेल घातल्याने जास्त वास येतो असे नाही. २०० ग्रॅम मेणाला १२ ग्रॅम सुगंधी तेल ही चांगली सुरुवात आहे. फार तेल घातले तर ते मेणाला घामासारखे सुटते आणि वात कोंदते. मेण थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यातच वितळवावे आणि शेगडीजवळून हलू नये. मेणाने पेट घेतलाच तर आच बंद करून भांड्यावर झाकण सरकवावे. पाणी कदापि ओतू नये, कारण ते तापलेल्या मेणाखाली जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटते मेण खोलीभर उडते.

प्रश्न : घरातील हवा शुद्ध राहावी म्हणून झोपण्याच्या खोलीत किती कुंड्या ठेवाव्यात?

उत्तर : हवेसाठी म्हणून एकही नको, डोळ्यांना बरे वाटते म्हणून हव्या तेवढ्या ठेवा. झाडे हवेतील विषारी वायू शोषतात हा समज नासाच्या १९८९ च्या प्रयोगांमुळे पसरला, पण ते प्रयोग हवाबंद पेट्यांमध्ये केले होते आणि आपले घर तसे नसते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा इमारतीत नेहमी जेवढी हवा आत-बाहेर होते तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील असे निष्पन्न झाले. एवढ्या झाडांत माणसाने झोपायचे कुठे? सकाळी समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटे उघडणे अधिक फलदायी आहे. कुंड्यांना पाणी बेताने घालावे, नाहीतर मातीवर बुरशी येते आणि चिलटे होतात.

प्रश्न : नैसर्गिक तेलांचा फवारा पडद्यांवर मारल्यास चालेल का? घरात मांजर आहे.

उत्तर : मांजर असेल तर टाळावे. तेलातील फिनॉलसारखे पदार्थ निष्प्रभ करण्याची यकृताची जी यंत्रणा माणसात असते, ती मांजरात फार दुबळी आहे; फवाऱ्याचे थेंब अंगावर बसतात आणि ते अंग चाटते. टी ट्री तेल तर मांजर आणि कुत्रा दोघांनाही विषारी आहे. वनस्पतीपासून काढले म्हणजे निरुपद्रवी, असे गृहीत धरण्यात अर्थ नाही. मांजर नसलेल्या वाचकांसाठी एवढेच, की तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे बाटली दर वेळी जोराने हलवावी लागते; आणि नुसत्या पाण्यात केलेला फवारा फार दिवस ठेवू नये, तो नासतो.

प्रश्न : कागदाच्या लगद्याचे वाडगे केले, पण आतून काळे ठिपके पडले. शिवाय तसाच दिव्याचा गोल करायचा आहे.

उत्तर : काळे ठिपके बुरशीचे आहेत, आपले थर जाड झाले आणि आतला थर वाळण्याआधीच वरचा चढला. खळ करताना एक वाटी गव्हाचे पीठ आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे, मग एकूण पाच वाट्या पाणी होईल अशा बेताने उकळत्या पाण्यात धारेने सोडत ढवळावे. खळ पारदर्शक दिसू लागली आणि पळीच्या पाठीवर सायीसारखी चिकटली की उतरवावी. चिमूटभर तुरटीची पूड घातली तर ती लवकर आंबत नाही. कागद हाताने फाडावा, कात्रीने कापू नये, कारण फाटलेल्या तंतुमय कडा एकमेकींत बसतात आणि जोड दिसत नाही. दोन थर दिल्यावर वाडगे दिवसभर पंख्याखाली ठेवावे. गालाला लावून गार लागले तर ते अजून ओले आहे.

दिव्याचा गोल करायचा असेल तर फुगवलेल्या फुग्यावर पातळ कागदाचे चार-पाच थर पुरेत. जास्त झाले तर उजेड अडतो. वर आणि खाली दोन्हीकडे तोंड उघडे ठेवावे, म्हणजे गरम हवा निघून जाते. आत फक्त एलईडीचाच दिवा लावावा, तोही कागदापासून किमान वीतभर दूर टांगून. फुगा सगळे वाळल्यावर एकदम फोडू नये; गाठीजवळ टाचणीने बारीक छिद्र पाडून हवा हळूहळू सोडावी, नाहीतर आकसणारा फुगा आतला कागदही आपल्याबरोबर ओढून घेतो.