'क्लांदेस्तीनो' म्हणजे घुसखोर? नाही हो!

प्रश्न असा आलाय की गायक मनू चाओच्या 'क्लांदेस्तीनो' या अल्बमचं नाव मराठीत 'घुसखोर' केलं तर चालेल का. अजिबात नाही! टीव्हीवाल्यांनी हा शब्द इतका स्वस्त केलाय की परका माणूस दिसला की लाव घुसखोर. त्या गाण्यातला माणूस कुणावर चालून आलेला नाहीये, जवळ कागद नाहीत म्हणून मोठ्या शहरात लपतछपत फिरतोय, बस. फ्रेंचमध्ये अशांना सरळ 'सां-पापिए' म्हणतात, कागद नसलेले.

आणि मनू चाओ 'स्पॅनिश गायक' नाही, किती वेळा सांगायचं, तो 1961 साली पॅरिसमध्ये जन्मलाय. आईवडील स्पेनचे, आजोबांना तिथला हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत मृत्युदंड झालेला, म्हणजे परागंदा होणं घरातच होतं. 1987 मध्ये भाऊ आणि चुलतभावाबरोबर 'मानो नेग्रा' बँड काढला, पंक, रेगे, साल्सा सगळं एकत्र, 1992 ला मालवाहू जहाजातून दक्षिण अमेरिकेतली बंदरं केली, पुढच्या वर्षी कोलंबियात ट्रेनने गावोगाव शो, त्या सगळ्या दगदगीत बँड फुटला आणि हा पठ्ठ्या एकटाच हिंडत गाणी जमवत राहिला. त्यातून 1998 ला हा अल्बम आला.

आता खरी गंमत. लॅटिनमध्ये 'क्लाम' म्हणजे गुपचूप, त्यावरून 'क्लांदेस्तीनुस', तोच स्पॅनिशमधला 'क्लांदेस्तीनो', आणि क्लामचा मूळ धातू 'झाकणे, लपवणे' या अर्थाचा. भाषाशास्त्रज्ञ पोकॉर्नीचा 1959 चा कोश उघडा, युरोपातल्या आणि आपल्याकडच्या भाषांच्या समान धातूंचा, त्याच धातूखाली त्याने संस्कृत शरण, शर्म (म्हणजे आसरा, लाजेची शरम नव्हे) आणि शाला दिलेत! म्हणजे क्लांदेस्तीनो आणि शरणार्थी एकाच घरातले, एक लपून बसलेला आणि एक आसरा मागणारा, आणि आपली शाळासुद्धा मुळात नुसतं डोक्यावरचं छप्पर. (इंग्रजी हेल्मेटही याच धातूचं, पुणेकरांनी नोंद घ्यावी.) आपली पंडितमंडळी मात्र 'शॄ' धातू, हिंसा करणे, दुःखाची हिंसा करतं ते शरण, असा द्राविडी प्राणायाम करतात. व्याकरणात बसतं हो, पण डोक्यावर छप्पर हवं असलेल्या माणसाला हिंसा कशाला सुचेल? मला पोकॉर्नीच पटतो, ज्यांना पटत नाही त्यांनी शर्म म्हणजे आसरा कसा झाला ते आधी सांगावं.

हां, तुमचा शब्द राहिला. 'बिनकागदी' वापरा. 'गुप्त' नको, तो काय हेर आहे?