विचारा तर खरं : शिष्यवृत्तीच्या टेबलावरून

(ठाण्यातल्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळून निवृत्त झालेल्या बाई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मॅडम, मी ऐरोलीला राहतो, रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर आहे. वर्षाचं उत्पन्न सव्वासहा लाख. आम्ही ओबीसी. मुलीला बारावीला ८७ टक्के, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला प्रवेश झाला. मुलींना फी माफ आहे असं सगळेच सांगत होते, म्हणून निर्धास्त होतो. आता कॉलेज म्हणतं, तुम्हाला लागू नाही, पूर्ण फी भरा. हे फसवताहेत का?

उत्तर : दादा, तुमच्या पत्रात उत्पन्न आहे, जात आहे, टक्के आहेत. मी शोधत होते ती एकच गोष्ट नाही. सीट कुठून मिळाली? मग तुम्ही जोडलेली पावतीची झेरॉक्स खिडकीपाशी नेऊन बघितली. खाली डाव्या कोपऱ्यात फिकट शिक्का आहे : ‘संस्थास्तर’, म्हणजे कॉलेजने स्वतःच्या पातळीवर भरलेली सीट. कॉलेज फसवत नाहीये. तिथेच गाडी अडली आहे.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय तुमच्या मुलीसारख्यांसाठीच आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, आईवडिलांचं मिळून उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पन्नास टक्क्यांऐवजी पूर्ण माफ. पेपरात मथळा आला तो इतकाच. पुढची ओळ कोणी वाचत नाही : प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश वगळलेत. खाजगी अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही वगळलीत, आणि आपल्या नवी मुंबईत त्यांच्या पाट्या काही कमी नाहीत. सोप्या भाषेत, सीट सरकारच्या यादीतून मिळाली तरच फी सरकार भरणार.

माझ्या टेबलासमोर दर ऑगस्टमध्ये हेच चालायचं. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दाखले क्रमाने लावलेले, उत्पन्नाचा दाखला तर लॅमिनेट केलेला (त्याची मुदत ३१ मार्चला संपते, लॅमिनेशनचे पैसे फुकट). आणि कॅपचं अलॉटमेंट लेटर? ‘ते लागतं का?’ अहो, आधी तेच लागतं. बरेच जण तिसऱ्या राउंडपर्यंत थांबून कंटाळतात, घराजवळच्या कॉलेजातून फोन येतो की एक जागा आहे, आजच भरा. तीच ब्रँच, तोच वर्ग, तेच सर शिकवणार. पण त्या दिवशी ज्या खिडकीवर पैसे भरले तिने चार वर्षांचा हिशोब ठरवून टाकलेला असतो. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करून बघू, असं मनात असेल तर सोडून द्या. दुसऱ्या वर्षाला गेल्याने सीटचा प्रकार बदलत नाही.

वर्ष सोडून पुन्हा कॅपमधून प्रवेश घ्यावा का, असंही तुम्ही विचारलंय. माझं मत, नको. मुलगी रमली आहे असं तुम्हीच लिहिलंय. प्राचार्यांना हप्त्यांसाठी लेखी अर्ज द्या, तोंडी बोलू नका, पोच घ्या, आणि शैक्षणिक कर्जासाठी बँकेत जा. धाकटा दहावीत आहे ना? त्याच्या वेळी एक लक्षात ठेवा. मुलगा असल्यामुळे त्याला पूर्ण नाही, निम्मीच फी सुटेल, पण कॅपची अट तीच. आणि माफी मिळाली तरी डेव्हलपमेंट फी, वसतिगृह, पुस्तकं आपल्याच खिशातून. ‘फी माफ’ हा शब्द ऐकून बजेट शून्यावर आणू नका.

प्रश्न : मुलाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मंजूर झाली. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, पैसे दिल्याचं दिसतं, खात्यात एक रुपया नाही. बँक म्हणते आधार लिंक आहे. – एक आई, कळवा

उत्तर : ताई, पैसे कुठेतरी नक्की आहेत. बँकेच्या काउंटरवर ‘आधार लिंक आहे’ म्हणतात त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की केवायसीला आधार जोडलंय. सरकारी पैसा खाते क्रमांक बघून येत नाही, आधारवर जे खातं शेवटचं सीड झालं, म्हणजे सरकारी पैशांसाठी जोडलं गेलं असेल तिथे जातो, आणि असं खातं एका वेळी एकच असतं.

दिवा स्टेशनजवळ राहणारा एक मुलगा माझ्याकडे तीन महिने खेटे घालत होता. शेवटी मीच विचारलं, शाळेत कधी शिष्यवृत्ती मिळाली होती का? मिळाली होती, गावी, माणगावकडे. खातं आजीने काढून दिलेलं. आजीला फोन लावला. पासबुक ट्रंकेत, रेशनकार्डाबरोबर पिशवीत बांधून ठेवलेलं. पोरगा शनिवारी गावी गेला, पासबुकावर एंट्री मारून घेतली, सोमवारी पेढे घेऊन हजर. एका बँकेतल्या साहेबांनी त्याला आधी चार वेळा ‘आमच्याकडे सगळं बरोबर आहे’ म्हणून परत पाठवलं होतं. त्यांच्याकडे खरंच सगळं बरोबर होतं म्हणा.

तुम्ही यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या साइटवर मुलाचा आधार क्रमांक टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, ओटीपी त्याच्या मोबाइलवर येईल. तिथे ज्या बँकेचं नाव दिसेल, तिथे जुनं खातं शोधा. नंतर हव्या त्या बँकेत डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरा. नुसतं ‘लिंक करा’ म्हणू नका, फॉर्मची पोच मागा.

प्रश्न : आम्ही खारघरला राहतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ठाण्याच्या तहसीलला दोनदा जाऊन आलो, परत पाठवलं. ऑफिसातून मिळालेला पगार-कराचा फॉर्म सोळा चालणार नाही का?

उत्तर : फॉर्म सोळा पुरावा म्हणून जोडा, पण दाखला तहसीलचाच लागतो. नवी मुंबई म्हणून तुम्ही ठाण्याला गेलात, तशी तुमच्यासारखी फार माणसं जातात. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे तालुका. खारघर, कामोठे, कळंबोली हे पनवेल तालुका, जिल्हा रायगड. पनवेलला जा, नाहीतर जवळच्या आपले सरकार सेवा केंद्रातून ऑनलाइन अर्ज करा. बायको नोकरी करत असेल तर तिचंही उत्पन्न दाखवा.

प्रश्न : दोन मुलींना राजर्षी शाहू योजना मिळाली, तिसरा मुलगा यंदा इंजिनीअरिंगला. त्याला निम्मी फी? – वाचक, कोपरी

उत्तर : नाही. राजर्षी शाहू योजनेत एका कुटुंबातली दोनच मुलं.