दुसऱ्या महायुद्धातली विमानं उतरतानाच का आपटतात? वय झालं म्हणून?

वयाचं कारण मला पटत नाही. आमचं सांगलीत दुचाकीचं गॅरेज होतं. नीट सांभाळलेली तीस वर्षांची जावा एका किकमध्ये चालू व्हायची आणि पॉइंटचा गॅप, म्हणजे ठिणगी पाडायला उघडझाप करणाऱ्या दोन टोकांमधली फट, बिघडला की दोन वर्षांची गाडीही मिसिंग मारायची. विमानाचं तेच, फक्त ते रस्त्याच्या कडेला घेता येत नाही.

२ ऑक्टोबर २०१९ चा अपघात बघा. अमेरिकेत कनेटिकटमधल्या ब्रॅडली विमानतळावरून जुनी विमानं जपणाऱ्या कॉलिंग्ज फाउंडेशनचं 'नाइन-ओ-नाइन' हे चार इंजिनांचं बी-१७ बॉम्बर हौशी लोकांना फिरवायला निघालं. १० प्रवासी, ३ कर्मचारी. वर चढतानाच चौथ्या इंजिनाने दम सोडला. वैमानिकाने ते बंद केलं आणि विमान वळवलं. धावपट्टीच्या अलीकडच्या दिव्यांना धडकून विमान टेकलं, उजवीकडे भरकटलं, बर्फ वितळवायच्या द्रावणाच्या टाकीवर आदळलं आणि पेटलं. ७ जण गेले, त्यात दोन्ही वैमानिक.

चौकशीत जे निघालं ते वाचताना मला गॅरेजच आठवलं. या इंजिनाला दोन मॅग्नेटो, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज तयार करणारे भाग, असतात, एक गेला तर दुसऱ्यावर भागावं म्हणून. इथं एकाची वायर सुटून तो बॉडीला अर्थ झालेला, म्हणजे बंदच. दुसऱ्याच्या पॉइंटचा गॅप हवा त्याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे ९ पैकी ४ सिलिंडरना ठिणगी धड नाही. वडील त्या फटीत फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीची, पाती सरकवायचे आणि ती किंचित अडखळत निघाली तरच मान हलवायचे. पाच मिनिटांचं काम! तिसऱ्या इंजिनाचे प्लगही खराब होते.

तरी एनटीएसबीने, म्हणजे तिकडच्या चौकशी मंडळाने, मुख्य ठपका वैमानिकावर ठेवला. चाकं फार लवकर खाली सोडली, त्यांनी हवा अडवली, वेग पडला. धावपट्टी गाठणार याची खात्री होईपर्यंत चाकं वर ठेवून वेग राखला असता तर बहुधा विमान धावपट्टीवर पोचलं असतं, असं त्यांचं गणित. देखभालीचा हलगर्जीपणा दुसऱ्या नंबरला. मी मेकॅनिकचा मुलगा, मी हा क्रम उलटा लावला असता. अर्थात इथं फरक काय पडतो म्हणा, देखभालीचा प्रमुखही तो वैमानिकच होता. बी-१७ वर त्याचे ७,००० हून जास्त तास झाले होते.

हेच विमान १९८७ मध्ये पेनसिल्व्हेनियात उतरताना धावपट्टी ओलांडून खाली गेलं होतं, चांगलंच मोडलं होतं. दुरुस्त होऊन पुढं कित्येक वर्षं उडलं.

स्पिटफायर, हार्वर्ड अशा छोट्या विमानांची आणखी एक भानगड असते. तिसरं चाक शेपटाखाली आणि वजनाचा मध्य पुढच्या चाकांच्या मागे. जरा तिरकं टेकलं की शेपूट पुढं यायला बघतं आणि विमान गर्रकन फिरतं. त्यात नाक वर, समोरची धावपट्टी दिसत नाही. ही खोड मात्र १९४० साली ती कोरी करकरीत होती तेव्हाही होती.