आधी पान सांग

अगं पोरी,

तू पाठवलेले सातवीच्या पुस्तक-परिचयाच्या वह्यांचे फोटो पाहिले. लेखक, प्रकाशक, किंमत, पाच ओळी सारांश आणि शेवटी ‘या पुस्तकातून आपल्याला असा बोध मिळतो की...’ सगळ्या वह्या एका साच्यातल्या. आणि तू मला विचारतेस, पोरांना मनातलं लिहिता यावं म्हणून एखादा नमुना देऊ का? आताच्या वह्या कशानं झाल्यात मग? तू नवा नमुना दिलास की पुढच्या आठवड्यात चाळीस वह्यांत तो उतरेल.

पोरांना एकच विचार: कुठल्या पानावर थांबलास? मत नंतर. आधी पान.

‘श्यामची आई’च घे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि तेव्हापासून आपण पोरांकडून त्यावर ‘आईची थोरवी’ लिहून घेतोय. त्यातला आंघोळीचा प्रसंग आठवतो ना? तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई आपल्या नेसत्या लुगड्याचे ओचे धोंडीवर पसरते. माझ्या वर्गातली एक मुलगी तिथं थांबली. तिनं लिहिलं, ‘लुगडं ओलं झालं. आई त्यात किती वेळ राहिली? माझी आई भाताच्या लावणीला जाते तेव्हा ओल्या साडीनं तिच्या मांड्या काचतात. रात्री ती खोबरेल लावते. श्यामनं फडकं मागायला पाहिजे होतं.’ बस, एवढंच. बोध नाही, थोरवी नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी खाली शेरा मारला, ‘आशय समजलेला नाही.’ मी त्याखाली लिहिलं, ‘वर्गात फक्त हिलाच समजलेला आहे.’ त्यावरून बोलणी खाल्ली. आजही मला माझा तो शेरा बरोबरच वाटतो.

म्हणून पान. पुस्तक वाचायला देतानाच जुन्या कॅलेंडरच्या चार पट्ट्या फाडून दे. जिथं हसू आलं, राग आला, कळलं नाही, घरचं काही आठवलं, तिथं पट्टी घालायची. वाचून झालं की त्यातली एकच पट्टी ठेवायची आणि तिथलं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. मग त्याखाली लिहायचं, इथं का थांबलो. कंटाळा आला असेल तरी चालेल, पण कितव्या पानावर आला? ‘पुस्तक बोअर आहे’ हे मत नव्हे. ‘बाविसाव्या पानावर झाडांचं वर्णन संपेचना, मी दोन पानं उलटली’ हे मत. त्यावर तुला त्या पोराशी बोलता येतं.

पहिल्या खर्ड्यात शुद्धलेखनाला हात लावू नकोस. मी सांगतोय, लावू नकोस! लाल पेन दिसलं की पोरगं बिनचूक लिहिता येतात तेवढेच शब्द वापरतं. समासात फक्त प्रश्न लिही: ‘मग काय झालं?’, ‘तुला कसं कळलं?’ ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या खर्ड्यात बघ, तेव्हा मात्र सोडू नकोस. आणि सगळ्यात चांगलं लिखाण वर्गात वाचून दाखवायचा मोह आवर. त्या लुगड्याचं मी कौतुकानं वाचून दाखवलं आणि पुढच्या वेळी निम्म्या वर्गाच्या आया ओल्या साडीत उभ्या!

मार्क कसे देऊ, हा तुझा प्रश्न मला आवडला नाही, पण उत्तर देतो. पान आणि त्याचं कारण एकमेकांना धरून आहे का, तेवढं बघ. तुझ्या मताशी जुळतं का, ते बघू नकोस. दहावीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ विचारतात आणि बाजारातल्या गाईडात तयार स्वमतं मिळतात. पोरं दुसऱ्याचं मत पाठ करून स्वतःचं म्हणून लिहितात आणि मार्कही मिळवतात. आता फोनही लिहून देतो. पान विचारलंस तर तोही काहीतरी ठोकून देईल, म्हणून पट्टीसकट पुस्तक टेबलावर आणायला सांग.

म्हणशील, सर नोकरीत कायम होते, त्यांना हे बोलायला काय जातं. खरं आहे. तू शिक्षणसेवक, अजून कायम नाहीस, तीन वर्षं मान खाली घालून काढायचीत. तर ऑफिसला दाखवायला त्यांच्या तक्त्याची वही ठेव, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला तीच मांड. ही दुसरी वही तुझी आणि पोरांची. मला असलं दुहेरी खातं कधी जमलं नाही. माझ्या वर्गाचे मार्क घसरले असं सगळे म्हणत. मार्क घसरले नव्हते, आधीचे फुगवलेले होते, पण ते ऐकून कोण घेणार?

रुखरुख एकाच गोष्टीची आहे. पोरांना लिहायला लावून मी खुर्चीत बसून राहिलो. तू तसं करू नकोस. त्यांच्याबरोबर तूही एक पट्टी ठेव, वाक्य उतरव आणि तुझी वहीसुद्धा त्यांच्या गठ्ठ्यात टाक. त्यांना समासात प्रश्न विचारू दे. एखादं पोरगं लिहील, ‘बाई, हे तुम्हाला खरंच वाटतं की आम्हाला दाखवायला लिहिलंय?’ त्याचं उत्तर त्याच पानावर, त्याच्या अक्षराखाली लिहायचं.

तुझा,
सर