मिक्सरचं काय ते सांगा

प्रेस मशीनमध्ये उजव्या हाताची बोटं सापडली, दोन ऑपरेशनं झाली, त्याला आता सात महिने होतील. हाड जुळलंय, टाके सुकलेत, तरी मूठ वळत नाही. फिजिओथेरपीला दांड्या पडतात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, सुपरवायझर ‘कधी येताय?’ म्हणून मागे लागलाय. आणि चार पानी पत्राच्या शेवटी तुम्ही विचारता, ‘मी कामचुकार झालोय का?’

नाही. तो विषय संपला.

तिसऱ्या पानावर, घरचे किती सांभाळून घेतात हे सांगता सांगता, तुम्ही सहज लिहून गेलात: ‘मी घरात असलो की मिक्सर लावत नाहीत.’ पत्रातलं कामाचं वाक्य तेवढंच. सात महिने एका घरात मिक्सर चोरून लावला जातोय! ती मशीनसारखी घरघर सुरू झाली की तुमचं अंग आवळत असणार, हात आपोआप छातीशी जात असणार. अपघातानंतर पहिले काही आठवडे असं दचकणं पुष्कळांना होतं. महिना उलटून गेला तरी ते जात नसेल, झोप उडाली असेल, माणूस आवाज आणि जागा टाळत असेल, तर तो पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनात रुतून बसलेला ताणाचा आजार, असू शकतो. त्यावर उपचार आहेत. मुठीचाही याच्याशी संबंध असू शकतो: घाबरलेलं शरीर दुखरा हात आवळून धरतं, आवळलेला हात जास्त दुखतो, दुखतो म्हणून व्यायाम चुकतो आणि सांधे आणखी आखडतात.

घरच्यांचं तुम्ही पानभर कौतुक केलंय. मला नाही करवत. तुम्ही बाहेर पडायची वाट बघून मिक्सर फिरवणाऱ्या पत्नीला काय चाललंय ते चांगलं कळतंय, आणि तोंडाने मात्र ‘मनाला लावून घेऊ नका’ म्हणते. भीती जितकी चुकवाल तितकी ती पोसली जाते. तुमच्याकडे तर सगळे मिळून पोसताहेत.

पण म्हणून उद्या कुणी धाडकन बटण दाबू नका. ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, बेताबेताने करायचं काम आहे.

तुम्ही एकच करा. पुढच्या फिजिओथेरपीला जा, व्यायाम नाही झाला तरी चालेल, आणि मिक्सरचं सांगा. ‘जरा टेन्शन असतं’ असलं मोघम नको, मिक्सरचंच. तिथूनच क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी चिठ्ठी घ्या. पत्नीला बरोबर न्या. तुमच्या तोंडून निघालं नाही तर तिने बोलायचं. आणि सुपरवायझरला तोवर तारीख देऊ नका.