अनुभवी हाताला ओळीचा दर किती?

प्रश्न : मी सिडकोत राहते. ऑफिस कॉलेज रोडला, पण काम घरूनच. चार वर्षं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेल्या फाइली ऐकून टाइप करते (मेडिकल ट्रान्सक्रिप्शन). यंदा लागलेल्या मुलीला आणि मला ओळीला एकच दर. वर तिची कमाई कधी कधी माझ्यापेक्षा जास्त भरते! अनुभवाप्रमाणे किती मागावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आकडा नंतर. आधी तुमच्या वाट्याला कुठल्या फाइली येतात ते बघा. मी बरीच वर्षं क्यूएला, म्हणजे टाइप झालेल्या फाइली तपासण्यात, काढलीत, वाटप कसं होतं ते ठाऊक आहे. स्वच्छ बोलणारा डॉक्टर नव्या मुलीला. सर्जरीची नोट, तोंडातल्या तोंडात बोलणारा, मागे कुणीतरी ट्रे आपटतंय, तो तुम्हाला. डोस ‘फिफ्टीन’ म्हणाला की ‘फिफ्टी’, म्हणून तुम्ही रेकॉर्डिंग मागे घ्यायचं पायाचं पेडल मारून तेच तेच ऐकत बसणार. तोवर तिची फाइल गेलीसुद्धा. तेव्हा अवघड फाइलींना वेगळा दर, ही पहिली मागणी.

ओळ कशी मोजतात तेही विचारा. रूढ हिशेब स्पेस धरून 65 अक्षरांचा. 3,250 अक्षरांच्या रिपोर्टच्या 50 ओळी होतात. त्यातल्या 500 स्पेस वगळल्या की 42 उरतात. सॉफ्टवेअरने आवाजावरून काढलेला ड्राफ्ट दुरुस्त करायला साधारण निम्मा दर देतात. ड्राफ्ट बरा असेल तर परवडतं, पण सगळाच पुन्हा टाइप करावा लागला तर पूर्ण दर मागायचा. संकोच कसला?

शिकाऊ मुलीला खरं तर ओळीवर ठेवूच नये, ठरावीक पगार द्यावा. तुमच्या फाइली 98 टक्क्यांवर अचूकता राखून क्यूएशिवाय थेट जात असतील, तर ऑफिसचा एका माणसाचा वेळ वाचतो. त्यातला वाटा मागा. नुसती वर्षं सांगितलीत तर ‘बघू’ म्हणतील. (क्यूएवाल्यांनाही महिन्याचा पगारच हवा, हे माझं जुनं भांडण.)

ओळीला रुपया धरला, रोज 600 ओळी आणि 25 दिवस, तर 15,000 होतात. पण वीज, इंटरनेट तुमचं, आणि फाइलीच आल्या नाहीत त्या दिवशी शून्य. म्हणून किमान रक्कम लेखी घ्या, पीएफचंही विचारा.

बोलायला जाण्याआधी महिनाभर प्रत्येक फाइलीची रेकॉर्डिंगची मिनिटं, ओळी आणि लागलेला वेळ वहीत मांडा, आणि ती वहीच मॅनेजरपुढे ठेवा.