साडी एकच नेस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या एकपात्री प्रयोगाची संहिता परवा रात्री एका बैठकीत वाचून काढली. दीड तासात आठ गायिका, आठ साड्या, आठ आवाज. यात तू कुठे आहेस?

आधी गळ्याचं बोलते. गंगूबाई हंगलांसाठी तू आवाज दाबून जाड करणार म्हणतेस. तसं करू नकोस. घशावरच्या उपचारांनंतर त्यांचा आवाज बदलला आणि त्या बदललेल्या आवाजातच त्यांनी आपलं गाणं उभं केलं. त्याची नक्कल कशी होईल? मी तुझ्या वयाची असताना एका कार्यक्रमात असाच भारी आवाज काढला. मध्यंतरानंतर तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागेना, पुढे पंधरा दिवस बोलणंही बंद. तुझी पट्टी पेटीवरची काळी चार, त्याच सुरात गा. त्यापेक्षा हुबळीहून कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला निघालेली, रेल्वेत बसलेली ती मुलगी दाखव. एक खुर्ची आणि मांडीवर मात्रा मोजणारी बोटं, एवढ्यात डबा उभा राहतो.

लतादीदींसाठी तू मुंबईचा स्टुडिओ घेतलायस. अगं, वडिलांबरोबर त्या शास्त्रीय गाणं जाहीरपणे पहिल्यांदा गायल्या ते आपल्या सोलापुरात, नूतन थिएटरात! सप्टेंबर १९३८. वयाला नऊ वर्षंही पुरी नव्हती. खंबावती राग गायल्या, मग मास्टर दीनानाथ गायला लागले आणि ही पोर मंचावरच झोपली. इथल्याच हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग करायचा आणि हेच गाळायचं? खंबावतीचा एकच आलाप घे. लहान मुलीचा आवाज काढू नकोस, तुझाच असू दे. मग हळूच डोकं टेकव. तंबोऱ्याचं यंत्र चालू राहू दे. निवेदन नको, पार्श्वसंगीत तर नकोच. ती मिनिटभराची शांतता आपले सोलापूरकर सांभाळतील, माझा त्यांच्यावर भरवसा आहे.

१९०२ सालच्या ध्वनिमुद्रणांत गौहर जान गाणं संपताना स्वतःचं नाव सांगत. त्यावर पडदा उघड. उरलेल्या पाच जणी काढ. हिराबाई बडोदेकरांवर काट मारताना माझाही हात थांबला, पण तीन जणींना नीट वेळ मिळू दे.

आणि साडी एकच, इरकल. बदलायला आत गेलीस की बांधलेला सूर सुटतो.

गुरुवारी दिवेलागणीला ये. तंबोरा लावून ठेवते, आलाप बसवू.

तुझी,
बाई